जिव्हाळा आणि तराजू



नामदेवांची एक गोष्ट आपल्या मराठवाड्यात लहानथोरांना ठाऊक आहे. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंची नजर कोपऱ्यातल्या थापटण्याकडे गेली. काका, याने काय करता, असे त्यांनी विचारले. काका म्हणाले, मडके पक्के की कच्चे ते पाहतो. मग आमच्यातले कच्चे कोण तेही पाहा, असे मुक्ताबाई म्हणाल्या. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत परीक्षा घेतली. बाकीचे गप्प बसले, नामदेव मात्र रागावले. काकांनी निकाल दिला की एवढे एक मडके कच्चे आहे. नामदेव तडक पंढरपुरास गेले आणि विठ्ठलापुढे गाऱ्हाणे मांडले.

आता पुढचा भाग नीट ऐका. नामदेव हे विठ्ठलाचे लाडके. त्यांच्या हातचा नैवेद्य देव जेवतो, त्यांच्याशी बोलतो, अशी त्यांची ख्याती. देवाने मनात आणले असते तर ‘हा माझा आहे, याला पक्का म्हणा’ असे संतमंडळींना सांगता आले असते. परंपरा सांगते की देवाने तसे केले नाही. ‘तुला गुरू पाहिजे, विसोबा खेचरांकडे जा’ असे सांगून त्यांना दुसऱ्याकडे पाठविले. विसोबांची आणि नामदेवांची भेट औंढ्या नागनाथाच्या देवळात झाली असे मानतात. हे औंढा आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १९९९ साली तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ते आपल्याच परभणी जिल्ह्यात होते.

भक्तीच्या अंगाने या गोष्टीचा अर्थ कीर्तनकार सांगतात, आणि तो माझ्यापेक्षा चांगला सांगतात. मला तिच्यात शिक्षकांच्या कामाची एक गोष्ट दिसते. ज्याच्यावर माया आहे त्याचे माप आपण करू नये. ते दुसऱ्या जाणत्याच्या हाती द्यावे. आजचा विषय हाच आहे. महाविद्यालयात आणि विद्यापीठात शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात जेव्हा खाजगी नाते निर्माण होते, मैत्रीचे, प्रेमाचे, लग्नाचे किंवा घरोब्याचे, तेव्हा न्यायाचे काय होते, आणि आपल्या महाराष्ट्राने हा प्रश्न आजवर कसा हाताळला, ते आपण इतिहासाच्या आधाराने पाहू.

कुणी म्हणेल, हा शहरातल्या लोकांचा विषय, पिंगळीच्या पारावर याचे काय काम? काम आहे. पिंगळी हे परभणी तालुक्यातले गाव, परभणी-पूर्णा लोहमार्गावरचे स्टेशन. निजामाच्या राज्यात या भागातल्या मुलाला पदवीपर्यंत शिकायचे तर हैदराबादची वाट धरावी लागे. तिथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले होते. मुलीच्या बाबतीत तर असा विचारही फार थोड्या घरांत होई. पुढे १९५८ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९७२ साली परभणीला कृषी विद्यापीठ आले. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले आणि परभणीची महाविद्यालये त्याच्याकडे गेली. हैदराबादेस असलेले विद्यापीठ असे सत्तर-ऐंशी वर्षांत आपल्या उंबऱ्याशी आले. आता शेतकऱ्याची, शेतमजुराची मुलगीही घरून डबा घेऊन कॉलेजात जाते. तिला पाठवणाऱ्या आईबापांनी मास्तरांवर विश्वास टाकलेला असतो. त्या विश्वासावर एक ओरखडा उठला की एका मुलीचे शिक्षण थांबते, आणि तिच्या नावाची कुजबूज ऐकून गल्लीतल्या आणखी चार मुली घरी बसवल्या जातात. तेव्हा हा विषय पाराचाही आहे.

हितसंबंधांचा गुंता हा शब्द जड वाटतो, पण वस्तू आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे. मोंढ्यावर आपण कापूस किंवा सोयाबीन घेऊन जातो. तिथे मापाडी असतो. तो घेणाऱ्याचाही नाही आणि देणाऱ्याचाही नाही, म्हणून त्याच्या मापावर दोघे विश्वास ठेवतात. उद्या मापाडीच व्यापाऱ्याचा भागीदार निघाला तर? त्याने एक छटाकही कमी तोलले नसेल, तरी त्याचे माप कुणी मानणार नाही. ग्रामपंचायतीचेही तसेच. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात अशी तरतूद आहे की पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष भाग असेल तो सदस्य राहण्यास अपात्र ठरतो. पैसे खाल्ले की नाही हा नंतरचा प्रश्न. ठेका देणारा हात आणि घेणारा हात एकच असू नये, एवढेच कायदा आधी पाहतो.

शिक्षक हाही एक मापाडी आहे. तो शिकवतो आणि तोच तोलतो. अंतर्गत गुण, प्रात्यक्षिकाची वही, शिफारसपत्र, शिष्यवृत्तीच्या अर्जावरची सही, संशोधन करणाऱ्याचा तर अख्खा प्रबंध, हे सारे त्याच्या हाती असते. अशा माणसाचे समोरच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याशी किंवा विद्यार्थिनीशी खाजगी नाते जुळले, तर दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली, बाकीच्या एकोणसाठ मुलांचा त्या तराजूवरचा विश्वास उडतो. दुसरी अधिक खोल आहे. ज्याच्या हाती आपले वर्ष आहे त्याला ‘नाही’ म्हणणे सोपे नसते. म्हणून तिथे मिळालेल्या ‘हो’ची किंमत किती धरायची, हे सांगणे कठीण होते. तो ‘हो’ खरा असेलही. पण तो खरा आहे हे त्या दोघांनाही खात्रीने कळायला मार्ग राहत नाही.

आता थोडे मागे जाऊ. आधुनिक महाराष्ट्रातल्या शिक्षणसंस्थांत हितसंबंधांचा पहिला मोठा तंटा झाला तो प्रेमावरून झाला नाही, वेळ आणि पैसा यांवरून झाला. पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. टिळक आणि आगरकर हे तिच्या आरंभीच्या मंडळींतले. संस्थेचे आजीव सभासद वीस वर्षे अल्प वेतनावर काम करण्याचे बंधन स्वीकारीत. पुढे प्रश्न निघाला की अशा सभासदाने बाहेरचे काम आणि बाहेरची मिळकत घ्यावी की नाही. टिळकांचे म्हणणे असे की आपला सगळा वेळ आणि शक्ती संस्थेची आहे, बाहेरच्या कामांत ती वाटली जाऊ नये. बहुमत त्यांच्या बाजूला राहिले नाही आणि १८९० च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. त्या वादात कोण किती बरोबर होते यावर पुष्कळ लिहिले गेले आहे; त्यात आज शिरायचे कारण नाही. आपल्या कामाचे एवढेच, की शिक्षकाच्या दोन निष्ठा एकमेकींशी भांडू लागल्या तर काय करायचे, हा प्रश्न तेव्हाच उघडपणे मांडला गेला. सभा भरल्या, पत्रे लिहिली गेली, मते पडली. पैशाच्या बाबतीत आपली माणसे मोकळेपणाने बोलली. मनाच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही.

त्याच सुमाराची दुसरी हकीकत पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाची. १८८९ साली मुंबईत हे सदन निघाले आणि पुढच्याच वर्षी पुण्यास आले. बालविधवांना शिकवून स्वतःच्या पायावर उभे करणे हा त्याचा उद्देश. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झाल्या होत्या, पण शाळेत धर्मप्रसार होणार नाही असे ठरलेले होते. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती. मुलींचा रमाबाईंवर फार जीव. त्या पहाटे प्रार्थनेला बसल्या की काही मुलीही जाऊन बसत. यावरून वादळ उठले. रमाबाईंचे म्हणणे, मी कुणाला बोलावीत नाही आणि कुणाला हाकलतही नाही. सल्लागारांचे म्हणणे, जिच्यावर मुलींचा एवढा जीव आहे आणि जिच्या आसऱ्याने त्या राहतात, तिचे नुसते बसणेही आमंत्रणासारखे होते. १८९३ साली सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या.

इथे प्रेमप्रकरण नव्हते, स्वार्थही नव्हता. तरीही गुंता तोच. आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसावर आपल्या जिव्हाळ्याचा दाब किती पडतो, हे जिव्हाळा लावणाऱ्याला दिसत नाही. आणि आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. वाद झाला मोठ्या माणसांचा. शाळा सुटली ती मुलींची. हे पुढेही पुन्हा पुन्हा घडलेले दिसते.

याच शारदा सदनात गोदूबाई नावाची एक बालविधवा शिकत होती. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ च्या मार्चमध्ये तिच्याशी विवाह केला. ती त्यांची विद्यार्थिनी नव्हती. त्यांच्या एका स्नेह्याची ती बहीण होती. त्या विवाहापायी कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला, ते सर्वांना ठाऊक आहे. मला सांगायचे आहे ते त्यानंतरचे. १८९३ सालीच कर्व्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारे एक मंडळ काढले होते. पुढे १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. आश्रमात कोवळ्या वयाच्या विधवा मुली शिकायला येणार. त्यांचे आईबाप काय म्हणतील? ‘हा गृहस्थ स्वतः विधवेशी लग्न केलेला, विधवांची लग्ने लावणारा, आमच्या मुली शिकवायला नेतो की लग्नाला उभ्या करायला?’

कर्व्यांचा विधवाविवाहावर पूर्ण विश्वास होता. त्यात त्यांना लाज वाटण्यासारखे काही नव्हते. तरीही आश्रम चालवायचा तर एक काम बाजूला ठेवले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. विवाहाच्या चळवळीतून त्यांनी अंग काढून घेतले आणि आश्रमाचे काम शिक्षणाचे आहे, विवाह जुळवण्याचे नाही, असे लोकांना सांगितले. हिंगण्याला माळरानावर आश्रमाची झोपडी उभी राहिली १९०० साली. कॉलेज आटोपून कर्वे पुण्याहून चालत तिथे जात. कुटुंब मात्र पुण्यात राही. याची झळ घरच्या माणसांना लागली. पण ज्या मुलींची जबाबदारी घेतली त्यांच्या बाबतीत आपला हेतू कुणाला दुहेरी वाटू नये, म्हणून त्यांनी स्वतःलाच कुंपण घालून घेतले. ते कुंपण कुठल्या कायद्याने घातले नव्हते. पुढे १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले आणि १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. लोकांनी त्यांच्या हाती मुली सोपवल्या, त्यात या कुंपणाचाही वाटा होता असे मला वाटते.

यानंतर आपण त्या हकीकतीकडे येतो जी आजच्या विषयाच्या अगदी जवळची आहे. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन. जन्म बडोद्याचा, १८९४ चा. १९१८ च्या सुमारास ते फर्ग्युसन कॉलेजात फारशी भाषा शिकवू लागले. त्यांच्या विद्वत्तेबद्दल कुणाला शंका नव्हती. गज्जल मराठीत रुजविली ती त्यांनी. फारशी-मराठी कोश रचला तो त्यांनी. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ निघाले, त्यातले ते एक अग्रणी. आणि याच काळात कॉलेजातल्या एका विद्यार्थिनीशी असलेल्या प्रेमसंबंधावरून त्यांच्याभोवती वादळ उठले. पुण्यात चर्चेला ऊत आला. परिणामी १९२४-२५ च्या सुमारास त्यांना फर्ग्युसन सोडावे लागले.

त्यांच्या बाजूने बोलणारे म्हणत की दोन सज्ञान माणसांच्या मनाचा हा प्रश्न आहे, यात संस्थेने पडू नये. विरुद्ध बाजूचे म्हणत की मुलींनी नुकते कुठे कॉलेजात यायला सुरुवात केली आहे, अशाने त्यांची वाट बंद होईल. या दोन्ही बोलण्यांत तथ्य होते. आज शंभर वर्षांनी मागे पाहताना मला तिसरीच उणीव जाणवते. असे नाते जुळले तर शिक्षकाने कुणाला सांगावे, त्या विद्यार्थिनीचे पेपर कुणी तपासावे, तिचे शिक्षण अखंड राहील हे कुणी पाहावे, याची लिहिलेली रीत त्या काळी रूढ नव्हती. म्हणून दोनच वाटा उरल्या. एक कुजबुजीची आणि दुसरी गच्छंतीची. तिसरी वाट कुणाला माहीत नव्हती.

प्राध्यापकांचे पुढे काय झाले ते वाङ्मयाच्या इतिहासात सविस्तर मिळते. १९२८ पासून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते शिकवू लागले. १९३६ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ‘छंदोरचना’ या ग्रंथासाठी १९३८ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली, आणि १९३९ साली ते वारले. त्यांच्या कर्तृत्वाचा हा मान योग्यच होता. त्या विद्यार्थिनीला मात्र त्या इतिहासात ‘एक प्रकरण’ एवढीच जागा मिळाली. तिला काय वाटले, तिचे काय म्हणणे होते, हे विचारण्याची कुणाला गरज भासल्याचे दिसत नाही. मी तिचे नाव इथे घेत नाही. शंभर वर्षे ते नाव दुसऱ्याच्या चरित्रातच घेतले गेले, तेवढे पुरे आहे.

हा प्रश्न काही आपल्याकडेच होता असे नाही. विलायतेत आणि अमेरिकेतही तो फार वर्षे खाजगीच समजला जाई. अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाने २०१५ साली प्राध्यापकांना पदवीच्या विद्यार्थ्यांशी प्रेमसंबंध ठेवण्यास बंदी केली. इंग्लंडच्या ऑक्सफर्ड विद्यापीठाने २०२३ साली नियम केला की ज्या विद्यार्थ्याची कसलीही जबाबदारी आपल्यावर आहे त्याच्याशी शिक्षकाने असे संबंध ठेवू नयेत. म्हणजे शेकडो वर्षांची ही विद्यापीठे. पण साधा नियम लिहायला त्यांनाही एकविसावे शतक उजाडावे लागले.

आपल्या देशात कायद्याची वाट मात्र एका खेड्यातून निघाली, आणि ही गोष्ट ग्रामीण श्रोत्यांनी अभिमानाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. राजस्थानातल्या भटेरी गावात भंवरी देवी या सरकारी योजनेत ‘साथिन’ म्हणून काम करीत. बालविवाह थांबविण्याचे काम केल्याचा राग धरून १९९२ साली त्यांच्यावर अत्याचार झाला. कामाच्या जागी बाईला संरक्षण देणारा कायदाच नाही, हे त्या निमित्ताने देशाला कळले. विशाखा या नावाने दाखल झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांवरून २०१३ साली संसदेने कायदा केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणसंस्थांसाठी स्वतंत्र विनियम केले. ते २०१५ चे म्हणून ओळखले जातात आणि मे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

या विनियमांनी प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक केली. समितीच्या अध्यक्षपदी वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, एक बाहेरची व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्याचे असेल तर विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची, समितीने नव्वद दिवसांत चौकशी संपवायची. गुणांचे आमिष दाखवून किंवा नुकसानीची भीती घालून संबंधांची मागणी करणे हा छळ होय, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. आणि एक बारीक कलम मला फार शहाणपणाचे वाटते. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरिष्ठ अधिकाऱ्यांना या समितीवर घ्यायचे नाही. का? ज्याच्या हाती संस्थेची अब्रू आहे त्याला प्रकरण दडपण्याचा मोह होऊ शकतो. तोलणारा हात मोकळा असावा, हे तत्त्व इथे पुन्हा आले.

आता एक भेद स्पष्ट करतो. विद्यार्थी अठरा वर्षांखालचा असेल, म्हणजे शाळेतला किंवा अकरावी-बारावीतलाही, तर तिथे नात्याचा, संमतीचा प्रश्नच येत नाही. २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याने, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, अशा संमतीला काही अर्थ ठेवलेला नाही, आणि शिक्षणसंस्थेतल्या माणसाने केलेला गुन्हा तो कायदा अधिक गंभीर धरतो. तिथे समजूत, मिटवामिटवी, गावची बैठक, काहीएक चालत नाही. पोलिसांत कळविणे हेच कर्तव्य.

सज्ञान विद्यार्थ्यांच्या बाबतीत आयोगाचे विनियम छळाविरुद्ध आहेत. दोघांच्या खुशीने जुळलेल्या नात्याचे काय करायचे हे बव्हंशी त्या त्या संस्थेच्या शिस्तीवर आणि शिक्षकाच्या विवेकावर राहते. इथे माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना मी आपल्याच एका जुन्या रिवाजाची आठवण देतो. परीक्षेचे काम स्वीकारताना आपण लिहून देतो की माझा कुणी जवळचा नातेवाईक या परीक्षेस बसलेला नाही. त्या कागदावर सही करताना आपल्याला अपमान वाटतो का? मुळीच नाही. पुतण्या परीक्षेला बसला असेल तर आपण सांगतो आणि ते काम दुसऱ्याकडे जाते. पुतण्यावर कुणी चोरीचा आळ घेत नाही, आपल्यावरही नाही.

मग हाच रिवाज रक्ताच्या नात्यापलीकडे न्यायला काय हरकत आहे? वर्गात ज्याच्याशी लग्नाची बोलणी चालली आहेत अशी व्यक्ती आहे, जिवलग मित्राची मुलगी आहे, ज्याच्या बापाकडून आपण उसने पैसे घेतले आहेत असा मुलगा आहे. अशा वेळी तीन गोष्टी कराव्या. प्राचार्यांना लेखी सांगावे. तपासणी, तोंडी परीक्षा, मार्गदर्शन आणि शिफारस यांतून आपण बाजूला व्हावे. आणि ते काम दुसऱ्याकडे गेल्याने विद्यार्थ्याचे काही अडत नाही ना, ते पाहावे. बाजूला व्हायचे ते शिक्षकाने. मुलीने विषय बदलायचा, तुकडी बदलायची, कॉलेज सोडायचे, हा न्याय उलटा आहे. आजवर तोच चालत आला. आणि प्रेमाचीच गोष्ट असेल तर चार महिने, वर्षभर थांबता येते. निकाल लागू द्यावा, ती आपली विद्यार्थिनी राहू नये, मग जे बोलायचे ते बोलावे. जे नाते वर्षभर थांबू शकत नाही, त्याचा पाया तपासून पाहावा हेच बरे.

काही जण भीती घालतात की असे नियम केले तर गुरुशिष्यांमधला ओलावा आटेल, मास्तर मुलांशी बोलायचेच बंद होतील. मला ही भीती खरी वाटत नाही. आजारी विद्यार्थ्याला दवाखान्यात नेणे, फीसाठी पदरचे पैसे भरणे, एस.टी. चुकलेल्या मुलीची घरी पोचायची सोय पाहणे, यांच्या आड कुठलाही नियम येत नाही. हे सारे दहा जणांदेखत करता येते आणि दहा जणांसाठी करता येते. जे एकाच विद्यार्थ्यासाठी, दार लावून आणि ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणून केले जाते, तिथे मात्र थांबून विचार करावा. ही परीक्षा सोपी आहे आणि तिला कायद्याचे पुस्तक लागत नाही.

शेवटी गावकरी आईबापांना दोन शब्द. मुलीने कॉलेजातल्या एखाद्या त्रासाबद्दल घरी सांगितले, तर ‘उद्यापासून जायचे नाही’ हे उत्तर देऊ नका. असे उत्तर मिळणार हे ठाऊक असते म्हणूनच मुली सांगत नाहीत, आणि त्या सांगणार नाहीत हे त्रास देणाऱ्यालाही ठाऊक असते. कॉलेजात तक्रार समिती आहे का, तिच्यावर कोण आहेत, त्यांची नावे फलकावर लावली आहेत का, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारा. फी किती, बस किती वाजता, हे आपण विचारतोच. त्यात हा एक प्रश्न वाढवा. मुलगी सोबत असताना विचारा, म्हणजे तिलाही कळेल की घर आपल्या पाठीशी आहे.

पिंगळीच्या स्टेशनावर, एस.टी.च्या थांब्यावर सकाळी पाठीला दप्तर लावून उभ्या असलेल्या मुलींच्या आज्यांपैकी कितीतरी जणींनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. एवढी मजल मारायला आपल्या भागाला दोन पिढ्या लागल्या. ती टिकवायची तर शिक्षकाच्या हातातला तराजू सरळ राहिला पाहिजे, आणि तो सरळ आहे हे पिंगळीतल्या आईबापांनाही दिसले पाहिजे.